मित्राच्या नावाने रॉक शो: तिकिटाच्या पैशातून खर्च भागवू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या बँडचा गिटारिस्ट डिसेंबरात किडनीच्या आजाराने गेला, वय अवघं एकतीस. त्याच्या स्मरणार्थ सोलापुरात रॉक शो करायचा आणि जमलेली रक्कम डायलिसिसवरच्या गरीब रुग्णांना द्यायची, असा तुमचा विचार आहे. हॉल कुठला, तिकीट किती, परवानग्या कोणत्या आणि सहा आठवड्यांत जमेल का, असं तुम्ही विचारलंय. आमचा ड्रमर गेला तेव्हा आम्ही हे सगळं केलंय, सलग दोन वर्षं. पहिला कार्यक्रम गाजला, पण हिशेबात फसला. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्याच्या घरी जा. हॉलची चौकशी त्यानंतर. आमच्या ड्रमरचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. खाली यंत्रमाग, वर त्याची खोली. मागांच्या खटखटीत त्याचे ड्रम्स कुणाला खुपलेच नाहीत. आम्ही परवानगी मागायला गेलो तेव्हा त्याच्या वडिलांनी माग बंद केला, हात पुसले आणि एवढंच विचारलं, "त्याचा फोटो किती मोठा लावणार?" आम्ही म्हटलं, स्टेजभर. ते म्हणाले, "लहान लावा. त्याच्या आईला बघवणार नाही." हे आम्हाला सुचलं नसतं. फोटो कोणता, आजाराचं नाव घ्यायचं की नाही, आईला स्टेजवर बोलवायचं की नाही, हे सगळं घरच्यांनी ठरवू द्या.

सहा आठवड्यांत करू नका. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला आणि त्याच्या स्मरणार्थ लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरचा कार्यक्रम झाला २० एप्रिल १९९२ ला. क्वीनसारख्या बँडलाही पाच महिने लागले. बीटल्सचा गिटारिस्ट जॉर्ज हॅरिसन याचे मित्र तर पुरतं वर्ष थांबले आणि त्याच्या पहिल्या स्मृतिदिनी, २९ नोव्हेंबर २००२ ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जमले. तुम्हीही वर्षश्राद्धाच्या आसपासची तारीख धरा. डिसेंबर सोलापूरला सोयीचाही आहे. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, पुढे परीक्षा, एप्रिल-मे म्हणजे चाळिशीपार ऊन. श्रावणात मार्कंडेयाचा रथ, मग गणपती. फक्त पंचांगात लग्नाच्या तिथी बघून घ्या. त्या दिवशी जनरेटर आणि साउंड मिळत नाही, मिळाला तर दुप्पट भावाने.

आता पैसा. पहिल्या वर्षी आम्ही तिकीट २०० रुपये ठेवलं, हॉल भरला, लोक उभे राहिले. रात्री साडेअकराला मित्राच्या गच्चीवर नोटा मोजायला बसलो. साउंडवाल्याने आदल्या दिवशी भाव वाढवला होता, पुण्याच्या दोन बँडचं येणं-जाणं आणि राहणं होतं, लाइट, बॅनर, जेवण होतं. सगळं देऊन उरले सहा हजार. ज्यांनी "रुग्णांना मदत" म्हणून तिकीट घेतलं होतं, त्यांचे पैसे आम्ही स्पीकरच्या भाड्यात घातले होते. आम्ही पाच जणांनी खिशातून भर घालून पंचवीस केले, पण ती रात्र अजून डाचते.

दुसऱ्या वर्षी एकच नियम केला: खर्च प्रायोजकांचा, तिकिटाचा रुपया न् रुपया दानाचा. दोन वेगळी खाती, दोन वेगळी माणसं. प्रायोजकांकडे रोख कमी मागा, वस्तू जास्त मागा. छापखान्याने तिकिटं छापून द्यावीत, लॉजवाल्याने चार खोल्या द्याव्यात, टॉवेल कारखानदाराने जनरेटरचं बिल परस्पर भरावं. महिनाभर आधी खर्चाची बाजू पूर्ण झाली नाही तर बाहेरचे बँड रद्द करा, तारीख तीच ठेवा. कार्यक्रम लहान झाला तरी चालेल.

कागदपत्रांचं काम सगळ्यात आधी उरका. तुमची नोंदणीकृत संस्था नाही, त्यामुळे धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली परवानगी लागते. गणेश मंडळं धर्मादाय आयुक्त कार्यालयातून घेतात तीच. किंवा एखादा विश्वासू नोंदणीकृत ट्रस्ट सोबत घ्या आणि पैसे थेट त्याच्याच खात्यात जाऊ द्या. १ ऑगस्ट १९७१ ला पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन खेळ केले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लगेच पोचले. पण युनिसेफशी रीतसर व्यवस्था आधी केलेली नव्हती, म्हणून रेकॉर्ड आणि चित्रपटाचं मोठं उत्पन्न अमेरिकेच्या कर खात्यात वर्षानुवर्षं अडकलं. पैसा होता, माणसं तिकडे उपाशी होती, आणि अडलं कागदावर. आपल्या पन्नास-साठ हजारांचंही असंच होऊ शकतं.

तिकीट घेणाऱ्याला देणगीवरच्या कर-सवलतीची (८० जी) पावती मिळेल असं जाहिरातीत छापू नका. त्याने पैसे देऊन कार्यक्रम पाहिला, ती देणगी नव्हे. वेगळी देणगी देणाऱ्याला ट्रस्ट पावती देईल, पण २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. आणि तिकीट ५०० पर्यंतच ठेवा. तिथवर संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी नाही.

गाण्यांच्या हक्काबद्दल लोक बिनधास्त सांगतात, "चॅरिटी आहे, कोण विचारतंय?" हे चूक आहे. कॉपीराइट कायद्यातली सवलत हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेल्या सादरीकरणाला आहे. तिकीट लावलंत की रुग्णांसाठी असलं तरी ती लागू होत नाही. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्क-संस्थेचा, परवाना घ्या, आणि मध्यंतरात रेकॉर्डेड गाणी लावणार असाल तर त्यांच्या परवान्याचं वेगळं बघा. आम्ही मध्यंतरात काही लावलंच नाही.

हॉलबद्दल माझं मत पक्कं आहे: बंदिस्त जागा घ्या. हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृहाची तारीख आधी बघा. उघड्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, आणि दवाखाना, शाळा किंवा कोर्टापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं. शिवाय मिरवणुकीचा साउंड रॉकला चालत नाही. त्याच्या बेसमध्ये गिटार आणि गाणाऱ्याचा आवाज बुडतो. विचारताना "किती बॉक्स?" असं विचारू नका. मिक्सरला किती चॅनल (म्हणजे किती माईक आणि वाद्यं जोडता येतील), मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) किती, मिक्सरवर कोण बसणार, हे विचारा. ड्रम्सना सहा-सात माईक, बेसची एक लाइन, दोन गिटार, कीबोर्ड आणि चार गायक धरले तर चौदा-पंधरा चॅनल सहज लागतात. सगळ्या बँडना एकच ड्रमकिट ठेवा, नाहीतर प्रत्येक बदलाला वीस मिनिटं जातात.

अर्थिंग स्वतः तपासून घ्या. आमच्या पहिल्या कार्यक्रमात गायकाचे ओठ माईकला लागले आणि हात गिटारच्या तारांवर होता. असा झटका बसला की तो दोन पावलं मागे गेला. साउंड एका लाइनवर आणि गिटारचे अ‍ॅम्प दुसऱ्या, अर्थिंग नसलेल्या लाइनवर होते. इलेक्ट्रिशियनला दुपारीच बोलवा, स्टेजवरची सगळी वीज एकाच नीट अर्थिंग केलेल्या ठिकाणाहून घ्या, लाइट वेगळ्या फेजवर टाका. एकाच्या स्मरणासाठी जमलोय, दुसऱ्याचा जीव धोक्यात नको.

शाल-श्रीफळ अजिबात नको. प्रायोजकांची नावं पडद्यावर दाखवा. एकाने बोलायचं, पाच मिनिटं, आणि तेही गिटारिस्टबद्दलच.

पैसे कुणाला द्यायचे हे कार्यक्रमाआधी ठरवा. सिव्हिल हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून या. आम्हालाही वाटलं होतं की डायलिसिसचा खर्च द्यावा, पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. माणसं मोडतात ती बाकीच्या खर्चाने. आठवड्यातून दोन-तीनदा अक्कलकोट, मंगळवेढ्याहून यायचं, सोबत घरचं एक माणूस, त्याची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. वर रक्त वाढवायची इंजेक्शनं आणि तपासण्या. आम्ही दुसऱ्या वर्षी अकरा रुग्णांच्या प्रवासाचे सहा महिन्यांचे पैसे दिले आणि हिशेबाचा कागद प्रत्येक प्रायोजकाला, तिकीटविक्री करणाऱ्या प्रत्येक पोराला दिला.

चॅनलची यादी आणि खर्चाचा तक्ता पाठवतो. ड्रमकिट भाड्याने घेऊ नका. आमच्या मित्राचं वरच्या खोलीत झाकून ठेवलेलं आहे, दुसऱ्या कार्यक्रमानंतर कुणी वाजवलेलं नाही. रविवारी पूर्व भागात जाणारच आहे, त्याच्या वडिलांना विचारून कळवतो.