बॅग शेवटी भर, आधी मुक्काम ठरव

प्रश्न : सिस्टर, मला आठवा महिना लागलाय. पहिलंच बाळंतपण. तारीख 14 जुलै दिली आहे. मिस्टर फौजेत, सध्या लडाखला; रजा मिळेल की नाही सांगता येत नाही. रीतीप्रमाणे माहेरी आले आहे. आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात डोंगरावर. डांबरी रस्त्यापर्यंत अर्धा तास चालावं लागतं. आजी म्हणते, माझी पाच बाळंतपणं याच माजघरात झाली, कळा लागल्या की बघू. आईची चुलत बहीण कराडला असते. शेजारची वहिनी म्हणते, सरकारी दवाखान्यात बायांवर ओरडतात आणि खाजगीत लगेच सिझर करतात. बॅगेत काय काय भरायचं आणि कळा सुरू झाल्यावर नेमकं कधी निघायचं, ते सांगाल का? फार भीती वाटते. परवा रक्त 9.4 भरलं, बाकी सगळं नॉर्मल आहे.
— एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : पोरी, तू रक्ताचं सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंस. मी सगळ्यात आधी तेच धरते. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 च्या वर हवं. बाळंत होताना थोडंफार रक्त प्रत्येकीचं जातं. ज्या बाईचं मुळातच कमी, तिला तेवढंही सोसत नाही, आणि कधी जास्त गेलं तर आमच्या हातात वेळ फार थोडा उरतो. 34 वर्षं लेबर रूममध्ये काढली, मला धडकी भरायची ती याच गोष्टीची. तुझ्याकडे अजून दोन महिने आहेत. लोहाची गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढी रोज घे, लिंबूपाण्याबरोबर घे. चहा किंवा दुधाबरोबर नको, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घे. शौचाला काळं होईल, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नकोस. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. येत्या 9 ला जा आणि रक्त वाढवण्यासाठी आणखी काय करायचं ते स्वतः विचार. गोळ्यांनी भागलं नाही तर सलाईनमधून लोह देतात.

आता तारखेचं. 14 जुलै हा अंदाज असतो, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढलेला. नेमक्या त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाचच. तू जूनच्या शेवटच्या आठवड्यातही मोकळी होशील किंवा 20 जुलैलाही. आणि तेव्हा तुमच्या खोऱ्यात काय परिस्थिती असते ते तुला मी सांगायला नको. ओढे भरलेले, दिवसा दिवे लावावेत असं धुकं, मोबाईलला रेंज नाही.

अशाच एका जुलैत रात्री अकराला चार माणसांनी एका पहिलटकरणीला खुर्चीला बांबू बांधून खाली आणलं होतं. पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याची पिशवी, सकाळी आठलाच फुटलेली. कळा नाहीत म्हणून घरच्यांनी दिवसभर वाट पाहिली, संध्याकाळी कळा आल्या तेव्हा ओढ्याला पाणी चढलं होतं आणि गाडी अलीकडे येईना. मूल जगलं, पण तापाने फणफणलेल्या त्या मुलीजवळ मी तीन रात्री बसून काढल्या. तिच्या घरची माणसं वाईट नव्हती. ‘कळा लागल्या की बघू’ एवढंच ती म्हणाली होती.

म्हणून ‘कळा सुरू झाल्यावर कधी निघायचं’ या प्रश्नाला तुझ्यासाठी माझं उत्तर असं, की कळा लागतील तेव्हा तू डोंगरावर असूच नयेस. जूनच्या 20 तारखेच्या आत कराडला मावशीकडे मुक्काम हलव. बरोबर आई असू दे. ‘माहेर म्हणजे काही माजघराच्या चार भिंती नव्हेत, आई जिथे असेल तिथे माहेर,’ असं आजीला सांग. तिची पाचही बाळंतपणं सुखरूप झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिच्या बरोबरीच्या कुणा बाळंतीण बाईचं काय झालं, हेही तिला एकदा शांतपणे विचार. आठवेल तिला.

कराडला गेल्यावर दोन दिवसांत दवाखान्यात जाऊन नाव घाल, जुने रिपोर्ट आणि माता-बाल संरक्षण कार्ड दाखव, लेबर रूम कुठे आहे तेही बघून ये. रात्री दोनला कुठल्या दाराने आत जायचं हे आईला ठाऊक हवं. 102 ला फोन केला की गाडी फुकट येते. तरी मावशीच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्याशी आधीच बोलून ठेवा. रक्त लागलंच तर देऊ शकतील अशा दोन माणसांना सांगून ठेवा. मिस्टरांशी आत्ताच फोनवर बोल. सिझरचा निर्णय घ्यायची वेळ आली तर फोन लागेपर्यंत कुणी थांबायचं नाही, आई आणि तू ठरवाल, हे त्यांच्या तोंडून घरच्यांना कळू दे. यात फार वेळ जाताना मी पाहिलाय.

कराडात असताना निघायचं ते असं : कळा दर पाच मिनिटांनी, पाऊण-एक मिनिट टिकणाऱ्या, आणि तासभर तशाच येत राहिल्या की निघ. चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर थांबल्या तर त्या खोट्या कळा. पण पाणी गेलं तर कळांची वाट पाहायची नाही, लगेच जायचं. पाणी हिरवट असेल तर पोचल्याबरोबर तेच आधी सांगायचं. अंगावर लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ताप भरला, तरीही तसंच. चिकट स्रावात रक्ताची बारीक रेघ दिसली तर घाबरू नकोस, ती नुसती चाहूल.

ओरडण्याबद्दल वहिनी म्हणते ते सगळं खोटं नाही. आमच्यातल्या काहींनी बायांना नको ते बोललंय, आणि मला त्याची लाज वाटते. बाळंतिणीजवळ घरची एक बाई थांबू शकते, असं केंद्र सरकारने 2016 मध्येच सांगितलंय. ‘माझी आई माझ्याजवळ राहील’ हे दाखल होतानाच सांग. आईने फक्त कंबर चोळायची, पाणी द्यायचं, हात धरायचा. पहिल्या खेपेला बारा-अठरा तासही लागतात; तोवर फिर, डाव्या कुशीवर पड, लघवी तुंबवू नकोस. सिस्टर सांगेपर्यंत जोर करू नकोस. कळ असह्य झाली तर ओरड, त्यात काही चूक नाही. सिझर सुचवलं तर ‘का?’ एवढं जरूर विचार. बाळाचे ठोके मंदावताहेत असं उत्तर आलं तर मात्र सहीला वेळ लावू नका.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या आणि घरी सोडायची गाडी हे सगळं मोफत आहे, 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून. जेवणसुद्धा, साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझरला सात.

बॅग अर्ध्या तासात भरते. कार्ड, सगळे रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यात वर. तुझे पुढून उघडणारे तीन गाऊन, पॅड, चपला, टॉवेल, फोनचा चार्जर. बाळाला जुन्या सुती साडीची दुपटी, टोपडी, लंगोट. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून लंगोट दीड डझन घे. सगळे उकळून उन्हात वाळवायचं काम मे महिन्यातच उरक. नवे झगे घरी राहू देत.

प्रश्न : आमच्याकडे बाळ जन्मलं की आत्या सोन्याच्या अंगठीने मध चाटवते. दवाखान्यात सिस्टर चाटवू देत नाहीत. एका थेंबाने काय होणार?
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, मधात एक जंतू सुप्त असू शकतो. मोठ्यांना तो बाधत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून त्याचं अंग लुळं पाडू शकतो. म्हणून वर्षाचं होईपर्यंत मध नाही. पहिल्या तासात त्याला आईचं पिवळसर चिकाचं दूध मिळू द्या. ते पिळून फेकायला लावू नका. आत्याला अंगठीने काही करायचंच असेल, तर ती बाळाला ओवाळून सुनेच्या हातात घालू दे.