‘प्रतिकारशक्ती कमी’ की ‘प्रतिकारशक्तीला आवर नाही’?

प्रश्न असा आला आहे: भाच्याच्या तान्ह्या मुलाच्या रिपोर्टात ‘इम्यून डिसरेग्युलेशन’ लिहिलंय. घरात सगळे ‘बाळाची प्रतिकारशक्ती कमी आहे’ असं म्हणतात. हे बरोबर आहे का? मराठीत नेमकं काय म्हणावं?

ताई, ‘कमी’ हा शब्द इथे चालणार नाही. तो ऐकला की कोणीतरी गुळवेलीचा काढा घेऊन येतं, कोणी च्यवनप्राश. पण इथे शक्ती वाढवण्याचा प्रश्नच नसतो.

आयपेक्स नावाच्या आजाराचं उदाहरण घ्या. एक्स गुणसूत्रावरच्या फॉक्सपी३ या जनुकात दोष असतो. आईकडे दुसरं, निरोगी एक्स असल्याने तिला सहसा त्रास होत नाही. मुलाकडे एकच एक्स, म्हणून तो आजारी पडतो. या जनुकाशिवाय नियामक टी पेशी, म्हणजे बाकीच्या प्रतिकार पेशींना रोखून धरणाऱ्या पेशी, नीट घडत नाहीत. मग प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यांवर, त्वचेवर, स्वादुपिंडावर तुटून पडते: जुलाब थांबत नाहीत, इसब उठतं, काही महिन्यांच्या बाळाला मधुमेह होतो. उपचारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणही करतात. या पेशी आणि हे जनुक शोधल्याबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

लिहिताना ‘प्रतिकारशक्तीच्या नियमनातला बिघाड’ म्हणावं. ‘नियमन’ आणि ‘संयम’ दोन्ही ‘यम्’ या एकाच धातूचे, आवरून धरणं हा त्याचा अर्थ. घरात बोलताना मात्र मला ‘आवर’ हाच शब्द आवडतो. राग आवरतो, रडू आवरतं, पसाराही आपण आवरतो. आणि काम उरकत आलं की ‘आता आवरतं घ्या’ म्हणतो. नियामक पेशी अगदी हेच करतात: जंतूंशी लढाई संपली की बाकीच्या पेशींना आवरतं घ्यायला लावतात, आणि एरवीही त्यांना आपल्याच अवयवांवर जाऊ देत नाहीत. तेव्हा आजीला सांगताना ‘बाळाच्या प्रतिकारशक्तीला आवर राहत नाही’ एवढं म्हणा. तिला लगेच कळेल, आणि काढा का द्यायचा नाही तेही.

जाता जाता: तुम्ही प्रश्नासोबत ‘अनुवांशिक’ असाही शब्द लिहिलाय, तो ‘आनुवंशिक’ हवा. ‘इक’ लागला की पहिल्या अक्षराची वृद्धी होते. समाजचं सामाजिक, तसं अनुवंशचं आनुवंशिक. ‘जनुकीय’ हा त्याचा पर्याय नव्हे. जनुकातला बदल बाळातच नव्याने झालेला असू शकतो. आई-वडिलांकडून आला असेल तरच तो आनुवंशिक.