म्युनिकला तीन वर्षांसाठी जाताना मुलांसाठी शाळा कोणती निवडावी?

आपण नोकरीनिमित्त तीन वर्षांसाठी बडोद्याहून म्युनिकला जात आहात, मुलगी यंदा पाचवीत जाणार आहे, मुलगा सहा वर्षांचा होतो आहे, आणि दोघांना तिथल्या सरकारी शाळेत घालावे की इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेत, असे आपण विचारले आहे. दोघांना एकाच शाळेत घालण्याचा आग्रह आधी सोडून द्यावा, असे मी सुचवेन. आम्ही २०१७ ते २०२१ या काळात तिथे होतो आणि जाताना आमची मुले साधारण याच वयाची होती.

मुलाचा प्रश्न सोपा आहे. त्याला निःशंकपणे जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत, म्हणजे ग्रुंडशूलेमध्ये, घालावे. तिथे फी नसते, आणि कोणती शाळा मिळणार हे राहत्या पत्त्यावरून ठरते. त्यामुळे घर भाड्याने घेण्यापूर्वीच त्या भागातली शाळा पाहून यावी. पहिलीत सगळीच मुले अक्षरे गिरवत असतात, म्हणून जर्मन न येणारे मूल फारसे मागे पडत नाही. आमचा मुलगा दिवाळीपर्यंत वर्गात गप्प बसे आणि उन्हाळ्यात माझे जर्मन उच्चार सुधारू लागला. बडोद्याच्या दांडिया बाजारात घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला आणखी एका भाषेचे ओझे वाटत नाही, ते आपल्याला वाटते. मात्र शाळा दुपारीच सुटते, आणि त्यानंतरच्या सांभाळवर्गासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आपण दोघेही नोकरी करणार असाल तर तो आधी करावा.

मुलीच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या गुणांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल, तर मूल थेट गिम्नाझियममध्ये, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, जाते. (तिथे १ हा सर्वोत्तम गुण आणि ६ सर्वांत वाईट. माझ्या सासूबाईंनी नातवाचे पहिले प्रगतिपुस्तक पाहून कपाळाला हात लावला होता.) जर्मन अजिबात न येणारे दहा-अकरा वर्षांचे मूल बहुधा मिटेलशूलेला, म्हणजे व्यवसायशिक्षणाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेला, जोडलेल्या भाषावर्गात जाते. तिथून पुढे गिम्नाझियम गाठता येते, पण त्याला वेळ लागतो, आणि आपल्या हाताशी वर्षे तीनच आहेत. भाषा जेमतेम बसेपर्यंत परतीची तिकिटे काढावी लागतील. म्हणून तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय शाळा.

या शाळेची फी एका मुलामागे वर्षाला वीस हजार युरोंच्या घरात जाते, तेव्हा ती कंपनीने भरण्यावरच सगळे अवलंबून आहे. आमच्या कंपनीच्या नेमणुकीच्या पत्रात दोन वर्षांच्या फीचा उल्लेख होता आणि पुढचे 'पाहू' असे तोंडी सांगितले गेले होते. तिसऱ्या वर्षी कोणीही पाहिले नाही. काही महिने पदरचे भरून शेवटी सातवीच्या मध्यावर मुलीला जर्मन शाळेत हलवावे लागले, आणि ते वर्ष तिला फार जड गेले. तेव्हा मुक्काम लांबला तर त्या काळाचीही फी कोण भरणार, हे पत्रात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

सुट्ट्यांचे नियम कडक आहेत. सुट्टी लागण्याच्या दोन दिवस आधी मुलांना घेऊन विमान पकडलेले तिथे खपत नाही. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. तोच बाणा समजावा. मार्च २०२० पासून गोवराच्या दोन लसींचा पुरावाही शाळेला द्यावा लागतो, म्हणून लसीकरणाचे कार्ड आणि एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, हातातल्या बॅगेतच ठेवावी.

परतीची तारीख मुलीच्या इयत्तेवरून ठरवावी. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववीतच होते आणि थेट दहावीत प्रवेश मिळणे अवघड असते. त्यामुळे आठवीत किंवा फार तर नववीच्या सुरुवातीला तिने इथे असावे. शिवाय २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सर्व शाळांत आठवीपर्यंत गुजराती सक्तीची झाली आहे. आपली मुलगी आठवीत परतली, तर तिला तो पेपर द्यावा लागेल, म्हणून पाचवी ते सातवीची गुजराती पुस्तके सोबत न्यावीत आणि आठवड्यातून एकदा इथल्या एखाद्या मैत्रिणीशी तिला गुजरातीतून बोलू द्यावे.