घरी दोन मांजरं आणि एक लॅब (लॅब्रॉडोर कुत्रा) आहे, दिवसभर घर बंद असतं, पाण्याचा डिस्पेन्सर कुठला घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की बोक्याला मध्यंतरी लघवीचा त्रास झाला, डॉक्टर म्हणाले पाणी जास्त पोटात जाऊ द्या, घरात अजून एक मांजरी आणि एक लॅब्रॉडोर आहे, घरातली सगळी माणसं सकाळी नऊला बाहेर पडतात ते संध्याकाळी सातला येतात, तर तिघांना मिळून एकच मोठा ऑटोमॅटिक डिस्पेन्सर चालेल का. माझं सरळ उत्तर, तिघांना मिळून एक नको. मांजरांना स्टीलचा मोटरवाला फाउंटन (छोट्या मोटरने पाणी सतत वाहतं ठेवणारं भांडं) घ्या, लॅबची सोय वेगळी करा, आणि दोन्ही घेताना सगळ्यात आधी एकच बघा की ते पूर्ण उघडून हाताने घासता येतं का. ॲप, निळा लाइट, तीन प्रकारची धार, हे सगळं त्याच्या नंतर.

वेगळं का ते सांगतो. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे ३० किलोचा लॅब दीड ते पावणेदोन लिटर सहज संपवणार, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बाजारात मांजरांचे फाउंटन असतात दोन-तीन लिटरचे. लॅबने त्यातलं बरंचसं संपवून पातळी मोटरच्या खाली नेली की मोटर कोरडी फिरते आणि कोरडी फिरली की जळते, आणि तुम्ही सातला येईपर्यंत बोक्याला पाणीच नाही, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यालाच. दुसरं म्हणजे कुत्रा जीभ मागे वळवून पाण्यात आपटतो, लाळ आणि अन्नाचे कण सगळे भांड्यात जातात. मांजर तसं पीत नाही, जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवून झटकन वर घेतं आणि सोबत वर येणारं पाणी तोंडात पकडतं (एमआयटीच्या संशोधकांनी २०१० मध्ये हे हाय-स्पीड कॅमेऱ्याने शूट करून दाखवलं होतं). लॅबच्या लाळेच्या पाण्याला बऱ्याच मांजरी तोंडही लावत नाहीत, आमच्याकडची तर वास घेऊन निघून जाते.

लॅबसाठी मी मोटरवालं काही घेणारच नाही. दोन जड स्टीलचे वाडगे, दोन वेगळ्या खोल्यांत, बस. तरी डिस्पेन्सरच हवा असेल तर उलट्या बाटलीचा येतो तो, वीज लागत नाही, पाण्याची पातळी बाटलीच्या तोंडाखाली गेली की हवा आत जाते आणि तेवढंच पाणी खाली येतं. पण त्यात बाटलीच्या तोंडातून अख्खा हात आत जात नसेल तर घेऊच नका, आतून बुळबुळीत थर धरतो आणि ब्रशने तो कोपऱ्यातला निघत नाही. पारदर्शक बाटली खिडकीशी ठेवली तर शेवाळ पण धरतं. आणि पावसाळ्यात वाडगा बाल्कनीत किंवा गच्चीवर ठेवू नका, उंदरांचा वावर असेल तिथे लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) भीती खरी आहे.

आता फाउंटन. प्लास्टिकवर बारीक चरे पडतात आणि त्यात घाण बसते, काही मांजरांना हनुवटीखाली काळे पुरळ येतात तेव्हा डॉक्टर पहिलं प्लास्टिकचं भांडंच बदलायला सांगतात. सिरॅमिक छान, पण घरात लॅबची शेपूट आहे, म्हणून तुम्हाला स्टील. नुसता वरचा ताट स्टीलचा आणि खालची टाकी प्लास्टिकची असले मॉडेल भरपूर आहेत, फोटो नीट बघा. मोटर उघडता यायला हवी, पुढचं झाकण काढलं की आत छोटा पंखा असतो, केस त्याच्यावरच गुंडाळले जातात, मोटर आवाज करायला लागली म्हणजे बहुतेक वेळा तेच असतं. आठवड्यातून एकदा सगळं खोलून साबणाने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. आमच्या सोसायटीसारखं बोअर आणि टँकरचं पाणी असेल तर पांढरा थर येणारच, लिंबूसत्वाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवलं की सुटतो. फिनेल मात्र अजिबात नको, मांजरांना फिनॉल पचत नाही, विषारी असतं ते, फरशीला पण वापरू नका.

फिल्टरबद्दल लोकांचा गैरसमज आहे. स्पंज केस अडवतो, कार्बन क्लोरीनचा वास कमी करतो, जंतू मारायचं काम दोघंही करत नाहीत, त्यामुळे फिल्टर आहे म्हणजे धुवायला नको असं होत नाही. बहुतेक कंपन्या दोन ते चार आठवड्यांनी बदला म्हणतात, म्हणजे वर्षाचा खर्च मशीनच्या किमतीच्या वर सहज जाऊ शकतो, तेव्हा ऑर्डर करायच्या आधी त्याच मॉडेलचे फिल्टर आणि सुटी मोटर मिळते का ते शोधा. नाव नसलेल्या मॉडेलचं सहा महिन्यांनी काहीच मिळत नाही. विजेचं टेन्शन घेऊ नका, मोटर २ वॅटच्या आसपास असते, चोवीस तास चालली तरी महिन्याला दीड युनिट होत नाही. पण लाइट गेल्यावर काय होतं ते बघा, काही मॉडेलमध्ये मोटर थांबली की सगळं पाणी खालच्या टाकीत उतरतं आणि वर कोरडं, घर दिवसभर बंद असताना हे चालणार नाही. वरच्या ताटात पाणी थांबून राहतं ते घ्या, आणि तरी एक साधा वाडगा भरून ठेवाच.

एक मात्र नक्की सांगायचंय, फाउंटन आणला की पाणी वाढेलच असं नाही. यावर प्रयोग झालेत, सरासरी काढली तर वाहतं पाणी आणि वाडगा यात फार फरक आला नाही, मांजरागणिक आवड वेगळी निघाली. म्हणून खर्च करायच्या आधी काही दिवस बाथरूमचा नळ बारीक सोडून बघा, बोका धारेकडे धावतो का बादलीतलं साचलेलं पितो. पाणी खरं वाढतं ते खाण्यातून. कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम १० टक्के, ओल्या खाण्यात ७५ ते ८०. मांजरांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, तहानेची जाणीवच कमी, त्यामुळे तुमच्या बोक्यासाठी डॉक्टरांना विचारून ओलं खाणं वाढवणं आणि त्यात दोन चमचे कोमट पाणी कालवणं हे मला मशीनपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आणि तो शी-शूच्या ट्रेमध्ये परत परत बसतोय, कण्हतोय, थेंबच येतोय किंवा येतच नाहीये असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी उचला आणि डॉक्टरकडे न्या, बोक्यांचा लघवीचा मार्ग अरुंद असतो, पूर्ण अडकला तर एक-दोन दिवसात जीव जाऊ शकतो.

फाउंटन आणल्यावर ट्रेपासून आणि खाण्यापासून लांब ठेवा, लॅब पोचणार नाही अशा उंचीवर, वायर भिंतीला चिकटवून. जुना वाडगा लगेच उचलू नका, पहिले काही दिवस मोटर बंद ठेवून नुसतं पाणी भरा, आवाजाने बिचकतात. मोजून भरा आणि मोजून टाका म्हणजे कुठलं पाणी किती संपतंय ते कळेल, आणि बोका वाडग्यालाच चिकटून राहिला तर रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करून टाका, त्या पैशात ओल्या खाण्याची पाकिटं येतील.