यंत्रं आल्यावर अमेरिकेतली गुलामगिरी आपोआपच संपणार होती ना? मग सुधारकांनी वेगळं काय केलं?

नाही, आपोआप संपणार नव्हती. हेच वाक्य मी आमच्या मामांकडून वीस वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

मामांची जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. माय त्यांची सख्खी बहीण, पण बाबा गेल्यावर ती लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. पोटाला ओटी बांधलेली, वाळल्या बोंडांची टोकं नखांत घुसून बोटं चिरलेली. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागायचा. पस्तीस-चाळीस किलो भरायचा. शाळा सुटली की मी काट्यापाशी जाऊन उभा राहायचो. आणि मामा सांगायचे, "मशीन आली की माणसाचे हाल संपतात, अमेरिकेत बघ." कॉलेजात असताना एकदा जेवताना मी म्हणालो, "तुमच्या मशीननं सरकी काढायचं काम संपवलं. वेचणं कोणी संपवलं?" त्या दिवसापासून मामांनी बोलणं टाकलं.

अमेरिकेत हेच झालं होतं. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट धरून बसते, हातानं काढायला जीव जातो. १७९३ मध्ये एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र, म्हणजे जिन, काढला, ती अडचण गेली, आणि कापूस लावावा तेवढा थोडा झाला. वेचणी मात्र हातानंच. १७९० मध्ये सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडकडची माणसं लेकरांपासून तोडून दक्षिणेच्या मळ्यांवर विकली. १८५० नंतर तर गुलामांचे भाव आणखी चढले. मरणाऱ्या धंद्यात भाव चढतात का?

सॉलोमन नॉर्थअप हा न्यूयॉर्कचा स्वतंत्र माणूस. १८४१ मध्ये त्याला पळवून विकलं, बारा वर्षं तो लुइझियानात राबला. त्यानं लिहून ठेवलंय की दिवसाला २०० पौंड, म्हणजे नव्वद किलो कापूस भरावा लागे. कमी भरला तर फटके. जास्त भरला तर उद्यापासून तेवढाच रोज. हे वाचलं तेव्हा मला धुऱ्यावरचा काटाच दिसला.

सुधारकांचं म्हणाल, तर विल्यम लॉइड गॅरिसननं १८३१ मध्ये बॉस्टनमधून गुलामगिरीविरुद्ध वर्तमानपत्र काढलं आणि १८३५ मध्ये तिथल्याच जमावानं त्याला दोरी बांधून रस्त्यातून ओढलं. त्या जमावात चांगली इभ्रतदार माणसं होती. उत्तरेतल्या गिरण्या त्याच कापसावर चालत होत्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना, जिन काढणाऱ्याला नाही.

एक सांगायचं राहिलं. माय गुलाम नव्हती. तिला मजुरी मिळायची, ती रात्री घरी यायची, तिला कोणी विकू शकत नव्हतं. हा फरक फार मोठा आहे. आणि नुसत्या लेखांनीही गुलामगिरी गेली नाही, त्यासाठी १८६१ ते १८६५ उत्तर आणि दक्षिणेत युद्ध झालं आणि लाखो गुलाम मळे सोडून पळाले.

परीक्षेत 'यंत्रामुळे संपली' असं मात्र लिहू नका. मामा अजून जिनिंगवर बसतात. दारात उभ्या ट्रॅक्टरमधला कापूस आजही बायांनी हातानंच वेचलेला असतो.