एप्टेशिया खरवडू नका, अन् झोआचा दगड तर उकळूच नका

दारव्ह्याच्या भाऊ, प्रश्न वाचला अन् फोटोही मोठे करून पाहिले. चार फुटी खाऱ्या पाण्याचा टँक, झोआ अन् मशरूमचे (दगडाला चिकटून वाढणारे कोरलसारखे जीव) दगड, क्लाउनफिशची जोडी, अन् आता दगडांवर जिकडेतिकडे तपकिरी फुलं उगवून राहिली, म्हणजे बहुतेक एप्टेशिया, दगडाला चिकटणारा फुलासारखा उपद्रवी समुद्री जीव (अ‍ॅनिमोन). तुम्हाला कोणीतरी सांगितलं की दगड काढून उकळत्या पाण्यात टाका, नाहीतर ब्लेडनं खरवडा.

आधी ते उकळायचं डोक्यातून काढा. झोआ अन् त्यांच्या जातभाईंमध्ये, खास करून पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआतूनच ते पहिल्यांदा वेगळं काढलं होतं, अन् जगातल्या सगळ्यात जहाल विषांत त्याची गणती होते. असा दगड उकळला की वाफेसोबत ते घरभर पसरतं, ताप येतो, छाती भरून येते, श्वास लागतो. असे दगड उकळून अख्खं कुटुंब दवाखान्यात भरती झाल्याचं घडलेलं आहे. ब्रशनं घासतानाही शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. आपल्याकडे तालुक्याच्या डॉक्टरला हे प्रकरण माहीत असेलच असं नाही, म्हणून दगडाला हात लावायचाच तर ग्लोव्हज अन् चष्मा घालून, अन् कधी त्रास झालाच तर दवाखान्यात पॅलिटॉक्सिनचं नाव स्वतःहून सांगायचं.

आता ओळख. निळे लाइट बंद करून फक्त पांढऱ्यात बघा, निळ्यात खरा रंग कळतच नाही. लांब बारीक देठ, फिकट तपकिरी अर्धपारदर्शक अंग, टोकाला निमुळते होत गेलेले बारीक टेंटॅकल (सोंडेसारखे धागे) अन् मधे तोंड, जवळ काही नेलं की झटकन छिद्रात आत, ही एप्टेशिया. तुमच्या फोटोत बहुतेक हीच आहे. मजानो, ही दुसरी उपद्रवी अ‍ॅनिमोन, बुटका असतो, टेंटॅकल आखूड, टोकं फुगीर, रंग बरेचदा हिरवट किंवा गुलाबी झाक. त्याच्यात अन् लहान बबल टिप अ‍ॅनिमोनमध्ये (ही लोक मुद्दाम पाळतात) भल्याभल्यांची गफलत होते. नळीतून पंख्यासारखं बाहेर येणारं दिसलं तर तो फेदर डस्टर किडा, त्याच्यापासून काही धोका नाही, राहू द्या. अन् संप (फिल्टरची वेगळी टाकी), ओव्हरफ्लो बॉक्स (टँकचं पाणी संपात नेणारा कप्पा) हेही टॉर्च लावून पाहा, अंधारात एप्टेशिया पांढरी पडते म्हणून नजरेतून सुटते.

खरवडायचं का नाही, तर वावरातली हराळी वरून उपटली तरी तुकडा मातीत राहिला की परत फुटते, तसंच हिच्या तळपायाचं आहे. बारीकसा तुकडा दगडावर राहिला तरी त्याचा नवा जीव होतो. खरवडून वाढतेच.

मग करायचं काय? मोजक्या असतील तर चुन्याची पेस्ट मला सगळ्यात भरवशाची वाटते. चुना म्हणजे शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, कल्कवासर म्हणून विकतात ती पूड. पानठेल्यावरचा घेऊ नका, त्यात काय मिसळलंय कोणास ठाऊक. थोड्या आरओच्या पाण्यात सुईतून जेमतेम निघेल इतकी दाट कालवा, मेडिकलमधून सिरिंज आणा, सगळे पंप बंद करा, अन् हळू जाऊन एप्टेशिया उघडी असतानाच पेस्ट थेट तिच्या तोंडावर सोडा, आक्रसली तरी छिद्र वरून बुजवून टाका. पंधरा-वीस मिनिटं थांबा, उरलेला चुना सायफननं ओढून घ्या, मग पंप चालू. झोआच्या अगदी चिकटून असेल तर चुना त्यांच्यावर जाऊ देऊ नका, तेही जळतात. अन् एका दिवसात चार-पाचच्या वर नको. चुन्याच्या निवळीचाच पीएच १२.४ च्या आसपास असतो, टँकचा ८.१ ते ८.४, जास्त टाकला की माशांचे हाल. त्यात आपला उन्हाळा, पाणी तापलं की ऑक्सिजन तसाही कमी अन् मेलेली एप्टेशिया सडताना उरलेला खाते, म्हणून ज्या दिवशी लाइनचा भरोसा नाही त्या दिवशी हे काम काढूच नका, पंप वेळेवर परत चालू झालाच पाहिजे.

पेपरमिंट श्रिंप लहान एप्टेशिया खातात, पण दुकानात त्यांच्या नावावर कॅमल श्रिंप देतात, अन् ते तुमचे झोआ, मशरूमच खातील. पेपरमिंटच्या अंगावर बारीक लाल रेघा असतात, कॅमलला पाठीवर कुबड अन् लालपांढरे ठळक पट्टे. बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय तर एप्टेशियाशिवाय काही खातच नाही, म्हणून एप्टेशिया संपली की गोगलगायही उपाशी मरते. कॉपरबँड बटरफ्लाय मासा चार फुटी टँकमध्ये आणू नका, मोठी जागा लागते अन् बरेचदा तो खाणंच सोडतो. यातलं काही मागवायचंच असेल तर हिवाळ्यात मागवा. मे महिन्यात ४५ डिग्रीत पार्सल दारव्ह्यापर्यंत जिवंत येणं कठीण.

खाऊ कमी करा, माशांनी सोडलेला प्रत्येक कण हिला लागू पडतो. नवीन फ्रॅग (कोरलचा तुकडा) आणला की प्लगच्या, म्हणजे तो ज्यावर चिकटवलेला असतो त्या ठोकळ्याच्या, खालूनही बघा, जमलं तर प्लगच बदला, कोरल डिपनं (कोरल बुडवायच्या औषधानं) एप्टेशिया मरेल या भरवशावर राहू नका.

तुमच्या तिसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात जो हिरवट बुटका आहे तो मला मजानो वाटून राहिला, पण निळ्या लाइटमुळे खात्री देता येत नाही. पांढऱ्यात जवळून एक फोटो टाका, तोवर त्याच्यावर चुना सोडू नका.