फिरत्या घरातले स्पीकर बदलताना

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही निपाणीचे. मोटारीच्या मागे जोडून नेता येते अशी एक जुनी कॅरॅव्हॅन आम्ही विकत घेतली असून सौंदत्ती, गोकाक, आंबोली असा प्रवास आम्ही उभयता तिच्यातून करतो. तिच्यात मूळचा स्टिरिओ आहे. दोन स्पीकर आत छतात आहेत आणि दोन बाहेरच्या भिंतीवर, ताडपत्रीच्या छायेखाली बसवलेले आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर आतला डावा स्पीकर खरखरतो. उजवा वाजतो, परंतु भजनातील शब्द नीट कळत नाहीत आणि पखवाज तर जवळजवळ ऐकूच येत नाही. एका कारागिराने पाचशे वॅटचे स्पीकर व वेगळा ॲम्प्लिफायर बसवण्याचा सल्ला दिला आहे. जुन्या स्पीकरांच्या मागे 8 ओहम असे छापले आहे, तर बाजारात मोटारीसाठीचे स्पीकर बहुतेक 4 ओहमचेच मिळतात. ते चालतील का? मोठे वॅट घेतल्याने आवाज सुधारेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपण खरेदी करण्यापूर्वी विचारले, हे फार चांगले केले. डाव्या स्पीकरची खरखर आणि उजव्या स्पीकरचा अस्पष्टपणा ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि पाचशे वॅटने त्यांपैकी एकही बरे होणार नाही.

आधी खरखरीकडे पाहू. बाहेरचा वीजपुरवठा काढून घ्या, बॅटरीची ऋण बाजू सोडवा आणि डाव्या स्पीकरची जाळी काढून त्याचे स्क्रू सैल करा. तो अलगद खाली घेतल्यावर छतात पाण्याचे डाग किंवा ओल आहे का, हे प्रथम पाहावे, कारण छत गळत असेल तर नवा स्पीकरही पुढच्या श्रावणापर्यंत जुन्याच्या वाटेने जाईल. त्यानंतर उजव्या बाजूच्या वायरी सोडवून त्या जागी हा डावा स्पीकर तात्पुरता जोडावा आणि बॅटरी पूर्ववत करून ऐकावे. खरखर स्पीकरबरोबर उजवीकडे गेली तर दोष स्पीकरमध्ये आहे. उजवीकडे तो स्वच्छ वाजला, तर दोष वायरीत, तिच्या जोडात किंवा स्टिरिओत आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावरून ओढल्या जाणाऱ्या गाडीत नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले जोड सैल होतात, असा माझा अनुभव आहे. अशा जोडाला डाग देऊन वर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली की काही रुपयांत काम होते आणि स्पीकर बदलावाच लागत नाही.

स्पीकरच दोषी निघाला तर दोन्ही हातांची बोटे पडद्यावर सारख्या अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर आतली कॉइल लोहचुंबकाला घासते आहे, आणि तो स्पीकर निकामी समजावा. जुन्या स्पीकरचा पडदा कागदाचा आणि कडेची किनार फोमची असते. ओलीने कागद फुगतो, आणि उष्णतेने व वयाने फोमचा भुगा होतो. बोट लावताच किनार चिकट लागली किंवा तुटून हातात आली, तर अधिक तपासणीची गरज नाही.

आता अस्पष्टपणाचे कारण. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. पुढची आणि मागची हवा एकमेकींना मिळाली तर खालच्या पट्टीतील आवाज परस्परांना खाऊन टाकतात. आपल्या कॅरॅव्हॅनचे छत पातळ प्लायचे असणार, स्पीकरच्या कडेभोवती फटी असणार आणि स्क्रूही सैल झालेले असणार. पखवाजाच्या कणीक लावलेल्या धुम्याचा, म्हणजे डाव्या तोंडाचा, घुमारा कोठे जातो, याचे उत्तर त्या फटीत आहे. शब्द न कळण्याचे कारण निराळे आहे. व्यंजनांचा धारदारपणा उंच कंपनांवर अवलंबून असतो. ही कंपने सरळ रेषेत जातात आणि गाद्या, पडदे, उशा त्यांना शोषून घेतात. छतातला स्पीकर जमिनीकडे तोंड करून असतो आणि आपण भिंतीशी टेकून बसलेले असता. शिवाय जुन्या एकपडदी स्पीकरला मध्यभागी ट्वीटर, म्हणजे उंच कंपने काढणारा छोटा स्पीकर, नसतोच.

वॅटबद्दल मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे खोक्यावरच्या आकड्याला लोक फार भुलतात. स्पीकरवरचा पाचशेचा आकडा म्हणजे तो क्षणभर सहन करू शकेल अशी कमाल शक्ती, तो काढणारा आवाज नव्हे. शक्ती स्टिरिओ देतो आणि त्याला ती बारा व्होल्टच्या बॅटरीतून घ्यावी लागते. बॅटरी पूर्ण चार्ज होत असताना 14.4 व्होल्ट धरले, तरी साध्या स्टिरिओला 4 ओहमच्या स्पीकरवर गणिताने 26 वॅटच्या आतच स्वच्छ शक्ती देता येते, आणि प्रत्यक्षात ती पंधरा ते वीस वॅटच्या आसपास असते. तेव्हा खोक्यावर 'आरएमएस' (सतत पेलता येणारी शक्ती) या अक्षरांपुढे काय लिहिले आहे ते पाहावे, आणि त्याहीपेक्षा संवेदनशीलतेचा आकडा पाहावा. एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल, असा तो लिहिलेला असतो. दोन स्पीकरांत तीन डेसिबलचा फरक असेल, तर कमी संवेदनशील स्पीकरला तेवढाच आवाज काढण्यासाठी दुप्पट शक्ती लागते. म्हणजे 92 डेसिबलचा स्पीकर पंधरा वॅटवर जितका वाजेल, तितके वाजण्यासाठी 89 डेसिबलच्या स्पीकरला तीस वॅट हवेत. आडरानात मुक्कामाला असताना बॅटरीवरच दिवे आणि पंखाही चालतो, हे ध्यानात घेता मी संवेदनशील स्पीकरच निवडीन आणि वेगळ्या ॲम्प्लिफायरचा विचार सध्या बाजूला ठेवीन.

ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला किती विरोध करतो याचा, प्रश्न मात्र आपण नेमका विचारला आहे आणि येथेच लोक स्टिरिओ जाळून बसतात. आपल्या स्टिरिओतून स्पीकरच्या वायरींच्या किती जोड्या निघतात, ते मोजा. चारही स्पीकरना स्वतंत्र जोडी असेल (बाहेरून आणून बसवलेल्या स्टिरिओत बहुधा पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी अशा चार रंगांच्या वायरी असतात आणि प्रत्येकीबरोबर त्याच रंगाची काळ्या रेघेची वायर असते) आणि स्टिरिओवर 4 ओहम मान्य असल्याचे लिहिले असेल, तर 4 ओहमचे स्पीकर निःशंक बसवावेत. परंतु काही कॅरॅव्हॅनमध्ये आतला डावा आणि बाहेरचा डावा हे एकाच जोडीवर समांतर जोडलेले असतात. 8 ओहमचे दोन समांतर जोडले की स्टिरिओला 4 ओहमचा भार दिसतो, आणि म्हणूनच तेथे 8 ओहमचे निवडलेले असतात. त्या जागी 4 ओहमचे दोन लावले तर भार 2 ओहमचा होतो, प्रवाह दुप्पट मागितला जातो आणि स्टिरिओ तापून बंद पडतो किंवा कायमचा जातो. अशी जोडणी आढळल्यास एकतर 8 ओहमचेच स्पीकर शोधावेत किंवा चार वाहिन्यांचा (चारही स्पीकरना स्वतंत्र जोडी देणारा) नवा स्टिरिओ घेऊन वायरी वेगळ्या कराव्यात. मल्टिमीटरने मोजताना 8 ओहमचा स्पीकर सहा-सात आणि 4 ओहमचा सव्वातीन ते पावणेचार ओहम दाखवतो. आकडा कमी दिसला म्हणून स्पीकर खराब आहे असे समजू नये.

निवड करताना पॉलीप्रॉपिलीनचा पडदा, रबरी किनार आणि मध्यभागी वळवता येणारा ट्वीटर असलेला कोॲक्सियल स्पीकर घ्यावा. ट्वीटर बसण्याच्या जागेकडे वळवला की शब्द उघडे होतात. भोकाचा व्यास आणि छताची खोली पट्टीने मोजूनच दुकानात जावे. साडेसहा इंची स्पीकरना साधारणपणे दोन ते अडीच इंच खोली लागते आणि कॅरॅव्हॅनच्या छतात तेवढी जागा नेहमीच नसते. जागा कमी पडल्यास बारा मिलिमीटर प्लायचे कडे कापून ते छताला आतून पक्के बसवावे आणि स्पीकर त्याच्यावर चढवावा. त्यामुळे खोलीही वाढते आणि पातळ छताला आधारही मिळतो. कड्याच्या दोन्ही बाजूंना फोमची पट्टी अखंड फिरवावी, कोठेही फट ठेवू नये. स्क्रू आखूड घ्यावेत, कारण लांब स्क्रू वरच्या पत्र्यातून बाहेर पडला तर गळती आपणच घरात आणू. छतातील थर्मोकोल किंवा लोकर पडद्याला टेकत नाही, हेही पाहावे.

जोडताना दोन्ही स्पीकरची धन बाजू जुळली पाहिजे. वायरीवर खूण नसेल तर तिचे दुसरे टोक स्टिरिओपासून सोडवून घ्या आणि त्या टोकाला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलच्या धन टोकाला लागलेली वायर धन. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर आवाज मोठा असूनही पोकळ होतो, आणि याची परीक्षा घ्यायला तंबोऱ्यासारखे साधन नाही. कुमार गंधर्वांचा 1924 सालचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. त्या मुलुखातल्या श्रोत्यांना खर्जाची तार समजावून सांगायला नको. काळी एक पट्टीत षड्ज सुमारे 139 कंपनांचा आणि खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे 69 कंपनांचा असतो. छतातला साडेसहा इंची स्पीकर ही मूळ कंपने पूर्ण भरून देणार नाही, पण दोन्ही स्पीकर सुलटे असतील तर तंबोरा दोघांच्या मधोमध एकसंध ऐकू येईल. एकाच्या वायरी उलटवून पाहा, तो लगेच पातळ होऊन विखुरेल. पखवाज याहूनही भरदार हवा असेल, तर आसनाखाली ठेवण्याचा लहान सबवूफर पुढे कधीही जोडता येईल. त्याची वायर थेट बॅटरीवरून आणावी आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवावा.

प्रश्न : आमची कॅरॅव्हॅन पावसाळाभर उघड्यावर उभी असते. बाहेरच्या भिंतीवरचे स्पीकर दर दोन वर्षांनी खराब होतात. काय करावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : खानापुरातल्या पावसापुढे मोटारीच्या दारातला साधा स्पीकर टिकायचा नाही. होड्यांसाठी बनवलेले मरीन स्पीकर घ्यावेत. त्यांचा पडदा पाण्याने फुगत नाही, किनार रबरी असते आणि रंग उन्हाला टिकतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. फोमच्या पट्टीशिवाय वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉन भरावे, मात्र खालची कड मोकळी ठेवावी, म्हणजे आत शिरलेले पाणी तेथून निघून जाईल. स्पीकरला मिळण्यापूर्वी वायरीला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून आलेले पाणी त्या झोलातून ठिबकेल आणि जोडापर्यंत पोहोचणार नाही. बाहेरचे स्पीकर वाजवताना रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्रीची धरली जाते आणि निवासी भागात त्या वेळी 45 डेसिबलची मर्यादा असते, हेही लक्षात असावे.

प्रश्न : नवे स्पीकर बसवल्यापासून बाहेरची वीज जोडली की सतत घुर्र असा आवाज येतो. बॅटरीवर असताना येत नाही.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : बॅटरीवर आवाज जातो, त्यावरून स्पीकर चांगले आहेत हे निश्चित होते. दोष चार्जरच्या वाटेने येतो आहे. स्टिरिओची काळी वायर जवळच्या एखाद्या पत्र्याला जोडली असेल तर ती तेथून काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी. स्पीकरची ऋण वायर कोठे पत्र्याला किंवा दुसऱ्या स्पीकरच्या ऋण वायरीला टेकलेली नाही, हेही पाहावे, कारण आजच्या स्टिरिओत ती वायर पत्र्याला जोडण्याची नसते आणि टेकल्यास स्टिरिओ जळू शकतो. एवढ्यावरही घरघर राहिली तर जुना चार्जर बदलावा. ही घरघर घालवण्यासाठी काही जण 230 व्होल्टच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ते कधीही करू नका. धातूच्या भिंतींच्या त्या घरात आपण ओल्या पायांनी चढता, आणि कॅरॅव्हॅनच्या पत्र्यात वीज उतरलीच तर तीच पिन आपला जीव वाचवते.